दोन हात

रविवारी दुपारी दोनला मी यंत्र बंद करते,
दारावरचा लाल बावटा उतरवून घडी घालते
आणि वाल्दिरेनीच्या पायरीवर जाऊन बसते.
बावटा गेला म्हणजे असाई संपली,
बेलेंमध्ये हे शेंबड्या पोरालाही कळतं.
आता मंगळवार पहाटेपर्यंत माझी बोटं माझी.

त्या बोटांबद्दल आधी सांगायला हवं.
एकोणीस वर्षं फळ भिजवून, चोळून, गाळून
नखं जांभळी झाली आहेत.
हातमोजे घालते, तेही आतून जांभळे होतात.
लिंबाने जात नाही, राखेने नाही.
म्हणून बाकीच्या बायका विचारतात
चमकतो का, किती दिवस टिकतो.
मी एवढंच बघते:
जांभळं झाकायला रंगाचे किती हात लागतात.

तीन रिआलची बाटली, औषधांच्या दुकानातल्या टोपलीतली,
झाकणावर धूळ. नाव ‘मावशीची साखरझोप’.
फिकट गुलाबी.
पहिला हात: पाणी.
दुसरा हात: पाण्याजवळ कुणीतरी गुलाबी हा शब्द उच्चारला.
पाचव्या हाताला नख इतकं जाड झालं
की वाल्दिरेनी म्हणाली, आता यावर फरशी बसवू.
वासाने मांजर उठून गेलं.

पाच रिआलचं ‘खोटं बोलू नकोस’. विटकरी.
याचं मात्र मी चांगलंच बोलेन.
ब्रशचे केस चार दिशांना,
पण रंग इमानी. तीन हातांत जांभळं गप्प.
वाल्दिरेनी नेहमी कातडीवर येईल इतकं फासते
आणि मग काडीला कापूस गुंडाळून कडा कोरत आणते.
सांडायचं बिनधास्त, नंतर आवरायचं.
संसारही तिने असाच केला.

बारा रिआलचा हिरवा, भुंग्याच्या पाठीसारखा.
दुकानातल्या दिव्याखाली राजा, उन्हात शेवाळ.
एलिएल्माला देऊन टाकला.
तिच्या हाताला तो शोभतो
याचा मला अजून राग आहे.

मग मॉलच्या तळमजल्यावरचं ते काचेचं कपाट.
फ्रान्सहून आलेली बाटली, हातात वजन लागणारी,
आत काळपट लाल,
नाव नाहीच, नुसता आकडा: ४१७.
किंमत ऐकून मी हात मागे घेतला.
काउंटरवरच्या मुलीने माझी नखं पाहिली
आणि माझ्याकडे पाहिलं नाही.
तेवढ्यावर घेतली. तीन हप्त्यांत.
भावाने विचारलं, हप्ते आहेत तर मोटारसायकल कुठे लावलीस?

एक हात.
खरंच, एकच.
एकोणीस वर्षं त्या एका हाताखाली गेली.
वाल्दिरेनीने काडी उचलली, परत ठेवली;
आवरण्यासारखं काही सांडलंच नव्हतं.
जरा हिरमुसली ती.
“विटकरीला याच्या नखाचीही सर नाही,” मी म्हणाले
आणि म्हटल्यावर वाईट वाटलं, विटकरीसाठी.

सोमवारी मी काहीच केलं नाही.
कप उचलला. कप ठेवला.
बसमध्ये बसायला जागा होती,
उभी राहिले, दांडा धरून.

खोक्याच्या तळाला बारीक अक्षरांत लिहिलंय:
दहा दिवस टिकतो.
माझ्याकडे असतात अडतीस तास.
लगद्यात रंगाची एक कपची सापडली तर
आरोग्यखात्याचा माणूस धंद्यालाच नख लावेल.
मावशी दोन चोळण्यांत जाते, विटकरी चार.
४१७ जाईना.
मग पहाटे साडेतीनला, मोरीच्या दिव्याखाली
मी तिच्याशी दोन हात केले.
कापूस संपला, जुना बनियन संपला,
लाल मनगटापर्यंत चढला,
बाहेर म्हातारी ओडालेया भांडं वाजवत उभी
आणि तिच्यामागे सगळी रांग.
डाव्या करंगळीच्या कडेला एक रेघ राहिली ती राहिलीच.
हातमोजा चढवला. बावटा लावला.

वाल्दिरेनीच्या वहीत, शेऱ्याच्या रकान्यात, मी लिहिलं:
४१७. झाकतो. जात नाही.
दोन हप्ते बाकी.